सकवारअक्का भिंतीकडे तोंड करते

आमच्या हेमावती एन्क्लेव्हमध्ये नवीन भाडेकरू आला की सामान वर चढायच्या आत त्याला कुणीतरी बाजूला घेऊन सांगतं, तळमजल्यावरच्या सकवारअक्कापासून जरा जपून. तिला अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटचे वाय-फाय पासवर्ड तोंडपाठ आहेत. पुरावा पाहिजे? रोज संध्याकाळी ती जिन्याच्या पायरीवर शेंगा सोलत बसते आणि तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटते. समोरच्या ब्लॉकमधल्या हर्षिताआंटींनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. "शी इज रिव्हायझिंग, यू नो," असं त्या डोळे बारीक करून सांगतात, आणि 'नो' इतका लांबवतात की तेवढ्यात लिफ्ट दोन मजले वर जाते.

मी त्या पायरीवर बसून ते आकडे ऐकलेत. अक्का म्हणते, "बेळगाव शून्य आठ तीन एक, हुबळी शून्य आठ तीन सहा, कोल्हापूर शून्य दोन तीन एक." ते जुने एसटीडी कोड आहेत. एकोणिसाव्या वर्षी ती निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून चिकटली. अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून बोर्डात वायरी खोचल्या, या गावाचा माणूस त्या गावाला जोडून दिला. बोर्ड बंद झाले तेव्हा बदली होऊन बेंगळुरूला आली आणि शेवटची काही वर्षं "वाय-फाय चालत नाही" अशा तक्रारी घेत बसली. आता रिटायर आहे, इथेच के. आर. पुरममध्ये एकटी राहते, आणि बाकीच्या बायका स्तोत्रं म्हणतात तशी ती गावं म्हणते.

पासवर्ड म्हणाल तर तिला एकाही घराचा माहीत नाही. हे मला माहीत आहे असं मी आज म्हणते. तेव्हा मीही हर्षिताआंटींच्याच पार्टीत होते.

अक्काचं काम असं. कुणाकडे नवीन टीव्ही आला, बेलमध्ये कॅमेरा आला, फोनवरून पेटणारा बल्ब आला, की लोक तिला बोलावतात. ती येते, पण वस्तूला हात लावायच्या आधी वस्तूवर संशय घेते. खोका उलटा करते, स्टिकर वाचते, नाकाजवळ नेते. खरंच नाकाजवळ. आमचा कॅमेरा जुलैमध्ये आला तेव्हा मी हे सगळं सोफ्यावरून पाहत होते. आमचं मांजर लिंबू दिवसभर काय करतं ते ऑफिसमधून दिसावं म्हणून आईने तो घेतला होता. निदान तिचं म्हणणं तसं होतं. लिंबूवर नजर ठेवायला माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोर कॅमेरा कशाला, हे मी विचारलं नाही.

"स्मिता, हे कुठलं ग?" अक्काने खोका हलवून आईला विचारलं.

"ऑनलाइन घेतला, अक्का. ॲक्च्युअली खूप छान रिव्ह्यूज आहेत त्याला."

"रिव्ह्यू घालणारा माणूस तुझ्या ओळखीचा हाय का?"

"नाही..."

"मग? स्वल्प थांब, मी बघतो."

निपाणीकडच्या बायका 'मी बघतो, मी येतो' असंच म्हणतात. तिच्या तोंडून ते ऐकलं की कुणीतरी पैलवान घरात शिरल्यासारखं वाटतं.

मग तिने आम्हाला, म्हणजे खरं तर कॅमेऱ्याला, दम भरल्यासारखं सांगितलं. नवीन वस्तू घरच्या नेटवर्कला जोडायची वेळ सगळ्यात धोक्याची. एकदा जोडली की तिचं बोलणं कुलपात. हवेतून जातं, पण वाटेत कुणी पकडलं तरी हाती नुसता भुसा लागतो. पण जोडायच्या आधी वस्तूकडे कुलूपच नसतं. पुष्कळ वस्तू पहिल्यांदा पेटल्या की स्वतःचं एक उघडं नेटवर्क मांडून बसतात आणि म्हणतात, या, मला तुमच्या घरचा पासवर्ड सांगा. तुम्ही सांगता. शेजारी कुणी कान लावून बसला असेल तर त्यालाही सांगता.

"आणि हे एक," तिने राऊटरच्या मागचं छोटं बटण दाखवलं. "हे दाबलं की दोन मिनिटं राऊटर दार उघडून उभा. आधी येईल त्याला आत घेतो. तुझा कॅमेरा आला काय न् खालचा वॉचमन आला काय, त्याला काही फरक नाही." ते बटण तिने आईला सेटिंगमध्ये जाऊन बंद करायला लावलं. वरून काळी चिकटपट्टी लावली. बंद केलंय मग पट्टी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "बंद केलंय असं ते सांगतंय. मी बघितलोय काय?"

आमच्या कॅमेऱ्याचं नशीब, त्याच्या स्टिकरवर त्याची स्वतःची खूण छापलेली होती. फोनने ती खूण वाचली की फोन फक्त त्याच कॅमेऱ्याशी बंद भाषेत बोलतो, पासवर्ड उघड्यावर येत नाही. अक्का खूश झाली. खूश झाली म्हणजे फक्त एकदा "सरी", म्हणजे ठीक, म्हणाली. हर्षिताआंटींच्या बल्बचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. बारा बल्ब होते, रंग बदलणारे, दिवाळीसाठी आणलेले. अक्काने एक हातात घेतला, पेटवला, आणि "बेडा, नको हे. परत कर," म्हणून निघून गेली. आंटींच्या डोळ्यांत तेव्हापासून जे बारीकपण आलंय ते गेलेलं नाही.

आता पासवर्डचं. तो घालायची वेळ आली की अक्का म्हणते, "मी फिरतो, तू घाल." आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते. माझा विश्वास नव्हता. मी नीट पाहिलं. आधी ती आजोबांच्या फोटोसमोर उभी राहिली, मग तिथून सरकून कॅलेंडरसमोर गेली. मला वाटलं, हिला आजची तिथी बघायची असेल. फोटोला काच होती, काचेत आईची बोटं दिसत होती. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने आईला दोन नेटवर्क करायला लावली, एक घरचं आणि एक पाहुण्यांचं. "हा कॅमेरा भोळा हाय. घरच्या नेटवर्कात जो आला तो घरचाच, असं समजतो. कोण तू, म्हणून विचारत नाही. म्हणून पाहुण्याला घरचा पासवर्ड द्यायचा नाही. भाऊ आला तरी नाही."

"भाऊसुद्धा नाही?" आई हसली.

"भावाला जेवण घाल की."

त्या दिवशी चहा पिताना मी तिला विचारलं होतं, एवढा संशय कशासाठी? ती म्हणाली, "ऐकणारी मीच होतो ग." निपाणीचे तंबाखूचे व्यापारी ट्रंक कॉलवर भाव बोलायचे. ऑपरेटर ऐकते हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते लग्न जमवल्यासारखं बोलायचे. मुलगी बघितली, रंग चांगला आहे, उंची कमी, मंडळी एकवीस तारखेला येणार. अक्काला दुसऱ्या आठवड्यात संशय आला, कारण एकाच माणसाने आठवड्यात नऊ मुली बघितल्या. तिसऱ्या आठवड्यात तिला अख्ख्या बाजाराचे भाव कळायला लागले.

"त्यांना वाटायचं कुलूप लावलंय. ती नुसती वेगळी भाषा होती. भाषा कान देऊन शिकता येते. कुलूप म्हणजे, मी जन्मभर ऐकत बसलो तरी कळणार नाही, ते."

"मग तुम्ही कुणाला सांगितलंत?" मी पुढे सरकून बसले. "कोण होते ते? नावं?"

"चहा गार व्हायलाय," ती म्हणाली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचे चेअरमन त्रिविक्रम राव यांच्या फोनवर अनोळखी नंबरवरून एक क्लिप आली. आमचा हॉल, आमचा सोफा, सोफ्यावर आई फोनवर माझ्या मावशीशी बोलतेय. "अगं, लिटरली सांगते, हा राव मीटिंगमध्ये बोलायला लागला ना, की लिफ्टसुद्धा कंटाळून मध्येच थांबते." वीस सेकंदांची क्लिप, शेवटी आईचं हसू. रावसाहेबांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "धिस इज नॉट करेक्ट, अल्वा?" अल्वा म्हणजे कन्नडमध्ये 'हो ना?'

आई दोन दिवस लिफ्टने गेली नाही. सहा मजले जिन्याने.

कॅमेरा जोडला कुणी? सकवारअक्काने. मग पासवर्ड कुणाकडे? झालं. ज्यांनी कधी अक्काला पाणी विचारलं नव्हतं त्यांनासुद्धा ती आपल्या घरात किती वेळा आली ते आठवायला लागलं. "मेरे यहाँ तो वो दस मिनट दीवार देख रही थी," एकजण लिफ्टमध्ये सांगत होते. "दीवार में क्या है, बोलो?" हर्षिताआंटींनी ग्रुपवर फक्त "आय सेड सो" एवढंच लिहिलं, तीन वेळा. रावसाहेबांनी लिफ्टमध्ये नोटीस लावली. रविवारी मीटिंग, विषय एकच, तळमजल्याच्या रहिवासी सकवारबाई यांनी यापुढे कुणाच्याही फ्लॅटमध्ये उपकरणं जोडायला जाऊ नये.

अक्काला आधी दिवसातून तीन-चार हाका यायच्या. त्या आठवड्यात एकही आली नाही. बुधवारी तिसऱ्या मजल्यावर नवा टीव्ही आला. खोका तिच्या दारावरून गेला, नेणाऱ्यांनी नजर चुकवली. ती पायरीवर शेंगा सोलत होती. त्या दिवशी एकही गाव म्हणाली नाही.

शनिवारी दुपारी मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. आईचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं आणि मला कुणाला तरी बोलायचं होतं.

"अक्का, खरं सांगा. आमचा पासवर्ड तुम्हीच कुणाला दिलात ना?"

शेंग हातातच राहिली. "पुणेकरीण," ती म्हणाली. माझं नाव सुखदा आहे, तिने ते कधीच वापरलेलं नाही. "एकोणचाळीस वर्षं नोकरी केलो. त्यातली अकरा वर्षं लोकांच्या कानात कान घालून बसलो. कुणाची मुलगी पळाली, कुणाचं दुकान बुडालं, सगळं माझ्या कानातनं गेलं. एक शब्द बाहेर गेला नाही. उद्या ही माणसं हात वर करणार, आणि मी सत्तेचाळीस दारांपुढे चोर. हे मला चालणार नाही. पैज लाव."

"कसली?"

"पासवर्ड तुमच्याच घरातनं बाहेर गेलाय. आजच्या आज दाखवतो. नाही दाखवलो तर उद्या मीटिंगच्या आधी मी स्वतः सांगणार, हौदु, मीच दिलो. आणि तुला त्या व्यापाऱ्यांची नावं सांगणार. सगळी. तुला पाहिजेत न्हवं?"

मला पाहिजे होती. दोन महिने पाहिजे होती. "आणि तुम्ही जिंकलात तर?"

"अर्धा किलो कुंदा. बेळगावचा. चिकपेटला मिळतो. तू स्वतः जायचं."

मी लगेच हात पुढे केला. आमच्या घरात पासवर्ड माहीत असणारी माणसं दोनच, आई आणि मी. आईने कुणाला दिला नसता. मी तर कुणाला सांगितलाच नव्हता, कारण तो अठरा अक्षरांचा होता आणि मलाच पाठ नव्हता.

वर गेलो. आईने दार उघडलं, पण पूर्ण नाही. अक्का बाहेरूनच म्हणाली, "मी आत येत नाही. राऊटरचं पान उघड. त्यात जोडलेल्या वस्तूंची यादी असती. ती मोठ्यानं वाच." आणि पॅसेजमध्येच पाठ फिरवून उभी राहिली.

आई वाचायला लागली. तिचा फोन. माझा फोन. लॅपटॉप. टीव्ही. कॅमेरा. मग ती थांबली.

"हे काय आहे? रोशन्स फोन."

"रोशन कोण?" अक्काने पाठमोरीच विचारलं.

रोशन म्हणजे आमच्या बरोबर डोक्यावर, सातव्या मजल्यावर राहणारा. नागपूरचा, एचएसआर लेआउटच्या एका स्टार्टअपमध्ये आहे, अर्धा आठवडा घरूनच काम करतो. मी त्याला हाक मारली. तो चड्डी आणि ऑफिसच्या आयडी कार्डात खाली आला. अक्काला बघून त्याचा चेहरा असा झाला की पुढे विचारायची गरजच नव्हती. तरी तिने विचारलं.

"क्लिप तू पाठवलास?"

"काय यार अक्का, गंमत होती ना. रावसाहेबांनी पार्किंगवरून सगळ्यांसमोर झापलं होतं मला. म्हटलं, लोक काय बोलतात ते त्यांनाही कळू दे. एवढं होईल असं कुठं वाटलं होतं."

"ते नंतर. आत कसा आलास?"

"मी काही हॅक-बिक नाही केलं हां! माझं नेट बंद होतं. यांचं ग्रुपवरच तर होतं." त्याने फोन काढला आणि मागे मागे सरकवत गेला. "हे बघा ना."

ऑगस्टमध्ये वरमहालक्ष्मीच्या सणाला आईने हळदी-कुंकू केलं होतं. इथे सगळेच करतात, म्हणून पुण्याहून आलेली आईही करायला लागली आहे. चाळीस बायका येणार, सगळ्या वाय-फाय मागणार, म्हणून मी आधीच सोय केली होती. फोनमध्ये शेअरचं बटण दाबलं, ठिपक्यांचा चौकोन आला, तो छापला, वर सोनेरी अक्षरांत 'पाहुण्यांसाठी वाय-फाय' लिहिलं आणि चौकट करून देवीच्या शेजारी, कुंकवाच्या करंड्यामागे उभा केला. मग देवीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकशे बारा हार्ट आले होते.

अक्काने फोटो मोठा केला. देवी, मोगरा, नारळ, आणि मागे माझा चौकोन. इतका स्वच्छ की रोशनने माझ्या फोनने तो पुन्हा वाचून दाखवला.

"पण मी पाहुण्यांचंच दिलं होतं," मी म्हणाले.

"तुझा फोन त्या दिवशी कशाला जोडलेला होता?"

"घरच्या."

"मग त्यानं घरचंच दिलं. फोन ज्याला जोडलाय त्याचीच किल्ली छापतो. वर तू सोन्यानं काय लिहिलीस ते त्याला कुठं वाचता येतंय?"

"पण ते ठिपके असतात ना, अक्का. कुणाला वाचता थोडंच येतं? मला वाटलं ते कुलपातच असतं."

अक्काने पहिल्यांदाच पाठ सोडून माझ्याकडे तोंड केलं. मला वाटलं आता बोलणार. पण ती फक्त म्हणाली, "मुलगी बघितली, रंग चांगला, उंची कमी," आणि जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी आईने पासवर्ड बदलला आणि प्रत्येक वस्तू पुन्हा एकेक करून जोडली. रविवारी मीटिंगमध्ये रावसाहेब नोटीस वाचायला उभे राहिले, त्याआधी आई उठली. तिने तो फोटो सोसायटीच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावला आणि सगळ्यांना फोन काढून तो चौकोन वाचायला सांगितलं. तीसेक फोन एकदम किणकिणले, प्रत्येकावर आमचा जुना पासवर्ड. "हा आमच्या घरातून गेला," आई म्हणाली. "आम्हीच लावला होता. अक्कांनी आम्हाला असं करू नका म्हणून सांगितलं होतं. आणि रावसाहेब, मी जे बोलले ते बोलले, त्याबद्दल सॉरी." मग ती खाली बसली.

मागून एक बाई हळूच म्हणाल्या, "अय्यो, आमच्या गृहप्रवेशाच्या पत्रिकेवरसुद्धा हेच छापलंय," आणि लोक आपापले फोन उघडून जुने फोटो शोधायला लागले. बारशाचे, गणपतीचे, कुणाच्या फ्रिजवरच्या स्टिकरचे. हर्षिताआंटी तर उठून घरीच गेल्या.

रावसाहेबांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली. चष्मा काढला, पुसला, घातला. "सकवारअक्का," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचं वाक्य लहान झालं, "मेरा डोअरबेल भी स्वल्प देख लो."

"खोका ठेवलाय काय?" अक्काने विचारलं. "खोका असला तर येतो. नसला तर नाही."

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी मेट्रोने मॅजेस्टिकला गेले, तिथे गाडी बदलून चिकपेटला उतरले. साड्यांच्या गाठोड्यांमधून वाट काढत, तीन गल्ल्या चुकून ते दुकान शोधलं. बेळगावचा कुंदा, अर्धा किलो, माझ्या पैशांनी. परत आले तेव्हा अक्का चौथ्या मजल्यावर कुणाची तरी बेल जोडायला गेली होती. मी पायरीवर वाट बघत बसले. खाली आल्यावर तिने डबा हातात घेतला, उलटा केला, तारीख वाचली, नाकाजवळ नेला, झाकणावरची चिकटपट्टी कुठे सुटलेली नाही ना ते चारी बाजूंनी बघितलं.

"पॅक आहे अक्का, मी उघडला नाही."

"असं तू सांगतीस," ती म्हणाली. मग पट्टी फाडली, एक घास खाल्ला, आणि उरलेला डबा मांडीवर घेऊन बसली. मला दिला नाही. पैज मी हरले होते.